मेथीची जुडी आणि आठ वाजताचा वडापाव

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बदलापूरला राहते. वय चाळीस. फोर्टमधल्या एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. सकाळी सात-दहाला घर सोडते. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटतं आणि घरी पोहोचेपर्यंत सव्वाआठ होतात. घरात आम्ही पाच जण. मिस्टर अंबरनाथच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतात, साडेचारपर्यंत घरी येतात. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मिस्टरांची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात, खाणं सुधारा आणि चाला. तेव्हापासून मी दर रविवारी पिशवी भरभरून भाज्या आणते. मेथी, पालक, शेपू, लाल माठ. आणि दर गुरुवारी त्यातल्या निम्म्या पिवळ्या पडलेल्या टाकून देते. कारण आठ वाजता स्टेशनबाहेर आले की पाय वडापावच्या गाडीकडे वळतात. एक मी तिथेच उभ्याने खाते, चार बांधून घेते. मुलगा सहाला क्लासहून येतो आणि स्वतःसाठी नि बहिणीसाठी नूडल्स करतो. शनिवारी चायनीज येतं. मागच्या महिन्यात मी सगळं लिहून ठेवलं. वडापाव १,३५० रुपये, नूडल्स-बिस्किटं-वेफर्स ९५०, चायनीज १,७००. बेरीज बघून माझी मलाच लाज वाटली.

सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी असली थेरं नव्हती, घरचं खाल्लं म्हणून टिकलो.” मला सगळं कळतं ताई. मग वळत का नाही? मी आळशी आहे का? की चांगलं खाणं परवडणाऱ्यांसाठीच असतं? नाव छापू नका.

— एक वाचक, बदलापूर

*

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात लक्ष गेलं ते चार हजारांच्या बेरजेवर. दुसऱ्या वाचनात मात्र एका लहानशा वाक्यावर अडले. त्या वाक्याकडे उशिरा येते, कारण आधी तो ‘आळशी’ शब्द निकालात काढायचा आहे.

सात-दहाला घर सोडायचं म्हणजे तुमचा दिवस पाचच्या आत सुरू होत असणार. डबे, नाश्ता, सासूबाईंचा चहा, मुलीची वेणी. मग रात्री सव्वाआठला पुन्हा ओट्याशी. एवढं करणाऱ्या बाईने स्वतःला आळशी म्हणणं हा विनय नव्हे, ती नोंदीतली चूक आहे. अकाउंट्स बघणाऱ्या बाईकडून ती व्हायला नको होती.

तेव्हा नीट नोंद करू. दुपारचा डबा तुम्ही एक वाजता खाता असं धरते. चारला चहा, सोबत दोन बिस्किटं. त्यानंतर थेट आठ. म्हणजे जेवणापासून सात तास, आणि त्यातला दीड तास गाडीत, एक तर उभ्याने नाहीतर चौथ्या सीटवर अर्धं टेकून. अशा अवस्थेत तुम्ही स्टेशनच्या पायऱ्या उतरता आणि समोर कढईतून वडे निघत असतात. लसणाची सुकी चटणी, मिठात घोळवलेली तळलेली मिरची. अठरा रुपये दिले की हातात. ताट लागत नाही, नंतर काही घासायला लागत नाही, आणि मुलं ‘हे काय गं’ म्हणून तोंड वाकडं करत नाहीत. पलीकडे घरी मेथीची जुडी वाट बघत असते. ती निवडायची, माती जाईपर्यंत तीनदा धुवायची, चिरायची, लसूण सोलायचा, फोडणीला टाकायची आणि मग कणीक मळून पोळ्या. पाऊण तास तर कुठेच गेला नाही. सात तासांच्या रिकाम्या पोटी या दोहोंतून मेथी निवडणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मी स्वतः सव्वीस वर्षं डोंबिवली-फोर्ट केलं आहे, एका बँकेत. बुधवारी आमच्याकडे काम लांबायचं, म्हणून बुधवारी मी येताना सामोसे आणायची. माझा मुलगा पहिलीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, तुमच्या घरी कोणत्या वारी काय असतं? तो उभा राहून म्हणाला, सोमवारी शंकराचा उपास, मंगळवारी गणपतीचा आणि बुधवारी सामोशाचा. बाईंनी मला शाळेच्या फाटकात गाठून हे सांगितलं. मी हसले, आणि घरी येऊन थोडी रडलेही. पुढच्या बुधवारी पुन्हा सामोसेच आणले.

सुटका झाली ती शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंमुळे. त्या रोज साडेपाचला, आवराआवर करता करता, एक लहान डबी उघडायच्या. फुटाणे, भाजलेले दाणे, गुळाचा खडा. मला वाटायचं, काय चंगळ आहे बाईंची. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “चंगळ कसली, टोल आहे हा. इथे भरला की डोंबिवलीला भरावा लागत नाही.”

माझा पहिला सल्ला एवढाच आहे, आणि उरलेलं सारं विसरलात तरी हा विसरू नका. साडेपाचला खा. मूठभर फुटाणे-दाणे आणि एक केळं, किंवा सकाळी उकडून नेलेलं अंडं. पंधरा रुपयांच्या आत भागतं. आठला वड्याचा वास येईलच, तो काही थांबणार नाही. पण पोटात आग नसली की पाय निदान तुम्हाला विचारून वळतील. एकदम पाचही वडे बंद करू नका. आधी तुमचा उभ्याने खाल्लेला जाऊ द्या. बांधून घ्यायच्या चारांचं बघू पुढे.

आता परवडण्याचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी हळूच विचारला आहे. खरं तर पत्राचं पोट तिथेच आहे.

मी माझ्या वाण्याच्या भावाने मांडून पाहिलं. वरण, भात, एक भाजी, पोळ्या, पाच माणसांसाठी, तेल-मीठ-गॅस धरून सव्वाशे ते दीडशे रुपये. माणशी पंचवीस-तीस. वडापाव अठरा. सकृद्दर्शनी वडापाव जिंकला. पण अठरा रुपयांत रात्र निघत नाही. साडेनवाला भात लागतोच, म्हणजे तुम्ही अठरा अधिक भाताचे मोजता. शिवाय अठरा-अठरा करत गेलेले पैसे जाताना दिसत नाहीत. दीडशेची भाजी घेताना हात आखडतो, वीसची नोट मात्र आपोआप सुटते. बिस्किटवाल्यांना हे आपल्याआधी कळलं आहे. पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांचा राहतो, महागाई वाढली की आतली बिस्किटं घटतात.

पण माझ्या त्या दीडशेच्या हिशेबात एक मोठी लबाडी आहे. त्यात करणाऱ्या हातांचे पैसे नाहीत. ते धरले तर काय होतं हे बघायचं असेल तर शिवभोजन थाळी आठवा. जानेवारी २०२० मध्ये ती सुरू झाली. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यायचे, पण शहरात सरकारने थाळीची किंमत पन्नास धरली आणि वरचे चाळीस केंद्रचालकाला दिले. खेड्यात पस्तीस धरली. म्हणजे जागा, भांडी, आचारी, वाढपी हे सगळं मोजलं की साध्या वरणभाताचा भाव पन्नास होतो, आणि तोही शेकड्याने शिजवताना. वडापाव तेव्हा दहा-पंधराला होता. त्याआधी १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर निघाली होती. आमच्या स्टेशनजवळच्या केंद्रावर पुढे काही वर्षांतच पाटी झुणका-भाकरीची आणि कढई वड्यांची असा कारभार सुरू झाला. भाकरी थापायला माणूस लागतो, एका वेळी एक. वडे एका घाण्यात वीस निघतात.

घरचं जेवण स्वस्त, हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं. घरचं जेवण स्वस्त असतं, कारण घरातल्या एका बाईचा वेळ त्यात फुकट घातलेला असतो. तुम्ही नोकरीला लागलात, तुमच्या तासाला भाव आला, आणि ती फुकटची बाजू उघडी पडली. वडापाववाला तुम्हाला वडा विकत नाही हो, तो तुम्हाला तुमचा पाऊण तास परत विकतो. अठरा रुपयांत. माल चांगला आहे म्हणून खपतो.

सासूबाईंना हे सांगायला जाऊ नका, निष्कारण वाद होईल. पण तुमच्यापुरतं लक्षात ठेवा की त्यांच्या वेळी टिकवणारं जेवण होतं तसं ते करणारं माणूसही दिवसभर घरात होतं. जिथे तसं माणूस नव्हतं तिथे बाहेरचं खाणं तेव्हाही होतंच. गिरणगाव आठवा. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुलं गावी ठेवलेले हजारो गिरणी कामगार खानावळीत जेवायचे. एका खोलीत राहणारी बाई पाळीपाळीने येणाऱ्या दहा-वीस जणांना भाकरी-कालवण वाढायची, पैसे पगाराला मिळायचे, तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमाची कुणी दखल घेतली. वडापावही त्याच जगातला. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो १९६६ च्या सुमारास विकायला सुरुवात केली असं सांगितलं जातं. पाळी सुटलेल्या माणसाला उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, गिरण्या गेल्या, खानावळी ओसरल्या. वडापाव राहिला. माझं त्याच्याशी वैर नाही, आणि डोंबिवलीत जन्म काढून ते असणं शक्यही नाही.

नूडल्स आणि बिस्किटांचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी जरा कडक बोलणार आहे. गाडीवरचा वडा निदान उकडलेल्या बटाट्याचा, समोर तळलेला, आणि दोन खाल्ले की नको म्हणवतो. पाकिटातलं खाणं तसं थांबवत नाही. अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकाने २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसं चार आठवडे तिथेच राहायला ठेवली. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं, दोन आठवडे ताजं रांधलेलं. दोन्ही वेळा समोर मांडलेली साखर, चरबी, मीठ, उष्मांक सारखे, आणि हवं तितकं खायची मुभा. कारखान्यातलं खाणं होतं तेव्हा माणसं रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊन गेली, भराभर खाल्ली, आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वाढली. ताज्या जेवणावर तितकीच उतरली. यातली कुणी आळशी नव्हती की अडाणी नव्हती. आणि गंमत बघा, एका माणसाला आठवडाभर ताजं खाऊ घालायला त्यांना सुमारे १५१ डॉलर लागत होते, पाकिटातलं खाऊ घालायला १०६. अमेरिकेतसुद्धा हिशेब बदलापूरसारखाच.

तुम्ही एकट्या नाहीत, हेही सांगून टाकते. २०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत शहरी घरांच्या शंभर रुपयांतले साडेदहा पेयं आणि तयार पदार्थांवर जात होते. भाज्यांवर चारांच्याही आत. मागे जुलै २०२५ मध्ये ऑफिसांत तेल-साखरेचे फलक लावा असं सरकारने म्हटलं, तर सामोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार म्हणून केवढा गदारोळ झाला. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला, तसं काही नाही म्हणून. मला तेव्हाच वाटलं होतं, फलक वाचून कुणाला काय नवं कळणार आहे? सामोशात तेल असतं हे कोणाला माहीत नाही?

बरं, मेथी. रविवारी पिशवीभर पालेभाजी आणणं ही तुमची चांगली इच्छा आहे, पण त्या इच्छेला फ्रीजमध्ये तीन दिवसच आयुष्य आहे. पालेभाजी हा घरात रिकामा माणूस असणाऱ्यांचा शौक समजा. आठवड्यासाठी वाट बघणाऱ्या भाज्या आणा. दुधी, लाल भोपळा, कोबी, गाजर, बीट, सुरण. आणि कडधान्यं. मटकी-मूग-चवळी ही डब्यात सहा महिने बसून राहतात, कुरकुर करत नाहीत. भिजवायचं आदल्या रात्री, सकाळी उपसून फडक्यात, दुसऱ्या दिवशी मोड. मेथी आणायचीच तर ज्या दिवशी करायची त्याच दिवशी, आणि शक्य असेल तर निवडलेली. दादरला आणि बऱ्याच स्टेशनांबाहेर बायका निवडलेली मेथी, सोललेले मटार, चिरलेली फरसबी पिशवीत घालून विकतात. दहा-वीस रुपये जास्त पडतात म्हणून आपण नाक मुरडतो आणि नव्वदचे वडापाव घेऊन पुढे जातो. लोकलमधल्या बायकांच्या डब्यात आपण वर्षानुवर्षं भाज्या निवडतच आलो आहोत, पण रोज बसायला मिळेल तेव्हा ना.

नासलेल्या जुडीचं आणखी एक आहे. ती फेकताना पैसे जातात तसा धीरही जातो. तिसऱ्या गुरुवारी वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. वडापाव कधी नासत नाही आणि मुलं तो कधी ताटात टाकत नाहीत. हातात पैसे मोजके असले की आई खात्रीचंच घेते. त्यात चुकीचं काही नाही. म्हणून भाज्याही खात्रीच्याच घ्या. मुलांना आवडत असलेल्या दोन भाज्या आलटून पालटून केल्या तरी चालतील, पाच रंग ताटात पाहिजेत वगैरे सध्या बाजूला ठेवा.

पोळ्या विकत आणा. हे मी ठळक अक्षरात छापायला सांगणार होते. बदलापुरात, अंबरनाथला, डोंबिवलीत कोपऱ्या-कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्रं आहेत. आपल्याकडचं खरं फास्टफूड तेच, आणि तिथे पोळ्या लाटणाऱ्या बाईला मजुरी मिळते. पंधरा पोळ्या आणल्या की तुमच्या रात्रीतली पाऊण तासाची उभी शिक्षा संपते. भाजी किंवा उसळ घरी करा. ‘पोळ्यासुद्धा विकतच्या’ असं कुणी म्हणालंच, तर वडापाव काय घरी थापत होतो का, असं मनातल्या मनात म्हणा.

सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास न होता होणारी कामं खूप आहेत. मालिका बघता बघता लसूण सोलणं, शेंगा मोडणं. पण त्यांच्याकडून मला वेगळंच हवं आहे. त्यांना मेतकूट, दाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी यांचं प्रमाण विचारा आणि वहीत लिहून घ्या. करायला घेऊ नका, वेळ आली की बचत गटाकडून आणा आणि त्यांना चाखून नावं ठेवू द्या. मेतकूट-भात, पिठलं, थालीपीठ ही पंधरा-वीस मिनिटांत ताटात येणारी जेवणं त्यांच्याच पिढीने बसवलेली आहेत. त्यांना विचारलं की ‘आमच्या वेळी’ला जरा चांगलं वळण लागेल.

मुलाचं तर कौतुकच करायला हवं. आठवीतला मुलगा क्लासहून येऊन गॅस पेटवतो, पाणी उकळतो, बहिणीला वाढतो. नूडल्सवाल्यांनी १९८३ पासून आपल्याला हेच विकलं, की दोन मिनिटांत पोर आपलं आपण खाईल. तुम्हाला नूडल्स दिसल्या, मला स्वयंपाकी दिसला. त्याला आधी एवढंच सांगा की पाकीट दोघांत एक, आणि त्यात मूठभर मटार किंवा दोन अंडी फोडून. महिन्याभराने कांदेपोहे शिकवा. पोहे भिजवून, चिरून, परतून वीस मिनिटं. नूडल्सपेक्षा जास्त, पण त्याला जमतील. क्लासबाहेरच्या चायनीजच्या गाडीचं मी काही करू शकत नाही. शाळेपासून पन्नास मीटरांत जास्त तेल-साखर-मिठाच्या पदार्थांची विक्री नको असा नियम २०२० मध्ये झाला आहे खरा, पण क्लासला तो कुठे लागू?

आणि आता ते वाक्य.

“मिस्टर अंबरनाथच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतात, साडेचारपर्यंत घरी येतात.”

एवढ्या लांब पत्रात हे एकच वाक्य, आणि तुम्ही ते पत्ता सांगावा तसं सांगून पुढे गेलात. साडेचार ते सव्वाआठ, पावणेचार तास, त्या घरात एक धडधाकट मोठा माणूस, एक गॅस, एक कुकर आणि भाज्यांनी भरलेला फ्रीज आहे. मेथी मात्र सव्वाआठला येणाऱ्या माणसाची वाट बघत पिवळी पडते. साखर कुणाची वाढली आहे? त्यांची. भाज्यांची पिशवी कोण वाहतं? तुम्ही. लाज कुणाला वाटते? पुन्हा तुम्हालाच.

मी त्यांना दोष देत नाही. पहिल्या पाळीला जाणारा माणूसही पहाटे उठलेला असतो, थकतो. आणि बहुधा त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८. तेव्हा हे तुमच्या घरापुरतं नाही. पण बदलायचं तर ते घरापासूनच, कारण देशाच्या ८८ मिनिटांवर तुमचा-माझा काही ताबा नाही.

त्यांच्याकडे मोठी मागणी करू नका. ‘स्वयंपाक तुम्ही करा’ म्हटलं की पहिल्या दिवशी उत्साह, चौथ्या दिवशी कंबरदुखी. एकच काम द्या, आणि ते पूर्ण त्यांचं. साडेसातला कुकर. खालच्या भांड्यात डाळ, वरच्यात तांदूळ, जमलं तर तिसऱ्यात दुधीच्या फोडी किंवा बीट. येताना पोळ्या तुम्ही आणा, नाहीतर जेवायच्या आधी एक फेरी म्हणून त्यांना केंद्रापर्यंत चालत पाठवा, डॉक्टरांनी चाला म्हटलंच आहे. तुम्ही सव्वाआठला शिराल तेव्हा वरण घोटून फोडणी द्यायची बाकी असेल, दहा मिनिटांचं काम. मग बांधून आणलेले चार वडे कुठे मांडायचे हाच प्रश्न पडेल.

त्यांच्या ६.१ बद्दल थोडं. ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा धरतात. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात आपल्याकडे मधुमेहाचे १०.१ कोटी आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी निघाले होते. उंबरठ्यावरून आत जायलाच हवं असं नाही, मागेही फिरता येतं, त्यासाठी डॉक्टर सांगतील ती तपासणी वेळेवर करा. ताटात उसळ आणि भाजी आधी, भात नंतर आणि एकच मूद. वडापावात पिठाच्या पावात बटाटा, म्हणजे पिष्टावर पिष्ट, तेव्हा घरात सगळ्यात आधी कुणाचा वडा कमी व्हायचा हे सांगायला नको. हे मात्र तुम्ही त्यांना ऐकवू नका, त्यांनी स्वतः हे पत्र वाचावं. पेपर टेबलावर उघडा टाकून जा.

शनिवारचं चायनीज राहू द्या. महिन्यातल्या चार शनिवारांपैकी दोन म्हणेन मी, पण बंद नको. पाच माणसं आठवड्यातून एकदा कुणीही ओट्याशी न उभं राहता एकत्र बसून जेवतात, तेवढं सुख त्या शेजवानमध्ये आहे. फक्त सोबतचं कोल्ड्रिंक मागवू नका. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

सुरुवात सोमवारी करा. मंगळवारी नको, मंगळवारपर्यंत माणूस सबबी शोधतो. रविवारी रात्री डाळ-तांदळाचं माप वाटीने दाखवून ठेवा, पाणी किती ते भांड्यावर खूण करून सांगा. पहिल्या दिवशी साडेसातला तुम्ही गाडीत असाल, दिवा किंवा मुंब्र्याच्या आसपास, एका हाताने कडी धरून, आणि पर्समध्ये फोन वाजेल. मिस्टर विचारतील, “शिट्ट्या किती काढायच्या?”

तीन म्हणा आणि फोन ठेवा.

तुमची,
ताई